बर्फावरचा सूर्यास्त तैलरंगात रंगवताना

शिमला-मनालीच्या सहलीहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये बर्फावर मावळणाऱ्या सूर्याचे दहा-वीस फोटो असतातच, आणि ज्याला चित्रकलेची थोडीफार आवड आहे त्याला त्यांतला एखादा तरी तैलरंगात उतरवावासा वाटतो. कॅनव्हास येतो, रंग येतात, पहिल्याच बैठकीत पांढऱ्या रंगाची अर्धी ट्यूब संपते आणि चित्र मात्र भिंतीला चुना दिल्यासारखे सपाट दिसू लागते. माझ्या पहिल्या दोन चित्रांचे असेच झाले होते. सूर्यास्ताच्या वेळी बर्फाचा फारच थोडा भाग पांढरा दिसतो, ही गोष्ट लक्षात यायला मला बराच काळ लागला. पुढील सर्व सूचना त्या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत, म्हणून तैलरंग प्रथमच हाताळणाऱ्यांनी त्या सांगितलेल्या क्रमानेच कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

दृश्य म्हणून आपण हिमाचलातील नारकंड्याजवळचा एखादा उतार डोळ्यांसमोर ठेवू. शिमल्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, सुमारे 2,700 मीटर उंचीवर हे गाव आहे. आजूबाजूला देवदार आहेत, आणि स्थानिक लोक ज्यांना रई आणि तोश म्हणतात ते सूचिपर्णी वृक्षही आहेत. जानेवारीची संध्याकाळ आहे, समोर बर्फाने झाकलेला उतार आहे, मध्ये झाडांची एक रांग आहे, मागे एकामागे एक डोंगररांगा आहेत आणि सूर्य त्या रांगांच्या दोन बोटे वर आहे.

ब्रश हातात घेण्याआधी एक प्रयोग

बर्फ समोर नसला तरी बर्फावरचे रंग घरात बसून पाहता येतात. दिवेलागणीच्या वेळी खिडकीजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर मधोमध एक पेला उभा करावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला चार-पाच वातींची समई किंवा जुना पिवळा बल्ब लावावा. पांढऱ्या एलईडी दिव्याने हा परिणाम साधत नाही. बाहेरचा उजेड कमी होत होत दिव्याच्या उजेडाच्या बरोबरीला आला की कागदावर पेल्याच्या दोन सावल्या दिसू लागतात. एक स्पष्ट निळी असते आणि दुसरी नारिंगी. दिव्याचा उजेड जिथे अडतो तिथे केवळ खिडकीतून आलेला आकाशाचा निळसर प्रकाश पोहोचतो, आणि खिडकीचा प्रकाश जिथे अडतो तिथे केवळ दिव्याचा. कागद पांढराच असतो, तरीही त्या दोन पट्ट्यांत पांढरे म्हणावे असे काही उरत नाही.

बर्फ म्हणजे असाच एक अवाढव्य पांढरा कागद आहे. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के प्रकाश परत पाठवतो आणि कोणत्याही एका रंगाला झुकते माप देत नाही, त्यामुळे जो प्रकाश त्याच्यावर येईल तोच त्याचा रंग होतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट अधिक हवेतून वाट काढत येतो. त्या वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि पिवळा, नारिंगी, तांबडा उरतो. बर्फाचा जो भाग सूर्याकडे तोंड करून असतो तो पीच किंवा फिक्या केशरी रंगाचा दिसतो, आणि जो सावलीत असतो त्याला उरलेल्या निळ्या आकाशाचाच उजेड मिळतो, म्हणून तो निळा-जांभळा दिसतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने 1868-69 मध्ये बर्फात कुंपणावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचे चित्र काढले, ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यातल्या कुंपणाच्या सावल्या निळसर आहेत, काळ्या-करड्या नाहीत. 1869 च्या सरकारी प्रदर्शनाने हे चित्र नाकारले होते. इंटरनेटवर त्याची चांगली प्रतिमा सहज मिळते. चित्राला सुरुवात करण्यापूर्वी ती पाच मिनिटे शांतपणे पाहावी.

साहित्य

कॅनव्हास 12 बाय 16 इंचांचा पुरेसा आहे. याहून लहान घेतल्यास आकाशातला उतरता रंग बसवायला जागा पुरत नाही, आणि मोठा घेतल्यास नवख्या हाताला ओला रंग आटोक्यात ठेवणे जड जाते. बाजारातल्या स्वस्त कॅनव्हासवरचा गेसो, म्हणजे रंगाखालचा पांढरा लेप, पातळ असतो आणि तो तेल शोषून घेतो, म्हणून घरी गेसोचा आणखी एक हात द्यावा आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा.

रंग सातच घ्यावेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, कॅडमियम ऑरेंज, यलो ऑकर, अ‍ॅलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. काळा रंग आणूच नये, कारण तो हाताशी असला की सावलीत मिसळला जातोच. पांढऱ्याची ट्यूब मात्र इतरांपेक्षा मोठी असावी. पांढरा नुसता लावायचा नसला तरी जवळजवळ प्रत्येक मिश्रणात तो लागतो. क्रिमसन घेताना लेबलवर 'पर्मनंट' लिहिलेले आहे का ते पाहावे. मूळ अ‍ॅलिझरिन उजेडात हळूहळू उडतो, आणि बर्फावरच्या फिक्या गुलाबी छटेत ते सर्वांत आधी जाणवते.

ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे, 4, 8 आणि 12 नंबरचे असावेत. त्यांच्या जोडीला एक मऊ सिंथेटिक ब्रश, एक रिगर, म्हणजे बारीक रेघांसाठीचा लांब केसांचा ब्रश, आणि कुदळीसारखी मान वाकलेला एक पेंटिंग नाइफ घ्यावा. जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या चिंध्या हव्यातच.

तेलाबाबत थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण इथे बचत करताना चित्राचे नुकसान होते. चित्रकलेसाठी शुद्ध केलेले जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन, एवढ्या दोनच बाटल्या पुरतात. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी मिळणारे उकळलेले जवसाचे तेल गडद असते, त्यात वाळवणारी द्रव्ये घातलेली असतात आणि त्याने निळे रंग पिवळटतात. पांढरे रंग बऱ्याचदा करडईच्या तेलात घोटलेले असतात, कारण ते जवसाच्या तेलापेक्षा कमी पिवळे पडते. हे वाचून सोलापूरकडच्या वाचकांना घरातल्या करडईच्या तेलाची आठवण होईल, परंतु खाण्याचे तेल चित्रात वापरू नये. ते नीट वाळण्याची खात्री नसते आणि चित्र महिनोन्‌महिने चिकट राहू शकते. घासलेटही वापरू नये.

रेखाटन आणि उजेडाची दिशा

कॅनव्हासवर प्रथम बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून सर्वत्र फिरवावा आणि चिंधीने पुसून घ्यावा. गेरूने सारवलेल्या, पण बराचसा पुसला गेलेल्या भिंतीसारखा रंग उरला पाहिजे. पांढऱ्या कॅनव्हासवर फिका निळा रंग गडद भासतो आणि अंदाज चुकतो; या तांबूस जमिनीवर तोच निळा खरा दिसतो, आणि पुढे फटकाऱ्यांच्या मधून डोकावणारी ही जमीन संध्याकाळची ऊब आपोआप देते. हा थर दोन दिवस वाळू द्यावा.

त्यानंतर त्याच पातळ रंगाने रेखाटन करावे. क्षितिज मधोमध घेऊ नये. वरचा दोन पंचमांश भाग आकाश आणि डोंगरांना, बाकीचा बर्फाला द्यावा. सूर्य डावीकडच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ, एका देवदाराच्या कडेला अर्धवट झाकलेला असावा. सूर्याचे उघडे बिंब रंगवण्याच्या मोहात पडू नये, कारण रंगातला सर्वांत उजळ पांढरासुद्धा सूर्याच्या जवळपास पोहोचत नाही. झाडाआड दडवलेला सूर्य मात्र भोवतीच्या उजेडावरून सहज पटतो.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय. सूर्य आपल्या समोर आहे की पाठीशी, हे एकदाच ठरवून शेवटपर्यंत पाळावे लागते. सूर्य समोर असेल तर डोंगरांच्या आपल्याकडच्या बाजू सावलीत असतात आणि निळ्या-जांभळ्या दिसतात. हिमशिखरे गुलाबी-सोनेरी उजळलेली दिसतात ती सूर्य आपल्या पाठीशी असतो तेव्हा. नवख्या चित्रांत, आणि भेटकार्डांवरच्या अनेक चित्रांतही, समोर मावळणारा सूर्य आणि त्याच्याच बाजूला समोरून उजळलेली गुलाबी शिखरे एकत्र दिसतात. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते खरे. आपल्या दृश्यात सूर्य समोर आहे, म्हणून झाडांच्या सावल्या आपल्याकडे येतील. सूर्यापासून सरळ खाली क्षितिजावर एक बिंदू घ्यावा आणि प्रत्येक बुंध्याच्या तळातून जाणारी रेषा त्या बिंदूपासून काढावी. सावल्या पंख्यासारख्या पसरत खाली येतील. बर्फ जिथे उंच-सखल आहे तिथे सावलीही त्याबरोबर वळते, आणि बर्फाचा उंचवटा दाखवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. सूर्य डोंगराआड पूर्ण गेला की या सावल्या नाहीशा होतात, म्हणून फोटोत सावल्या नसतील तर त्या मनाने घालू नयेत.

रंग आधी पॅलेटवर जुळवावेत

उजेडाच्या दहा पायऱ्या कल्पाव्यात: 1 म्हणजे शुद्ध पांढरा आणि 10 म्हणजे सर्वांत गडद. सूर्याजवळचे आकाश 2 वर, बर्फावरचे उन्हाचे पट्टे 3 वर, वरचे आकाश 4 वर, दूरचे डोंगर आणि सावलीतला बर्फ 5 वर, आणि जवळची झाडे 8 ते 9 वर येतात. सावलीतला बर्फ आणि दूरचे डोंगर एकाच पायरीवर असतात, हे अनेकांना पटत नाही. मनात 'बर्फ पांढरा' असे बसलेले असते, आणि हात आपोआप तो भाग उजळ करत जातो. मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून पाहिल्यास शंका राहत नाही.

सावलीच्या बर्फाचे मिश्रण असे जमवावे. सुपारीएवढा पांढरा रंग घ्यावा आणि त्यात हरभऱ्याएवढा अल्ट्रामरीन नाइफने घोटावा. समोर आलेला रंग शाळेच्या गणवेशातल्या आकाशी रंगासारखा भडक असेल. त्यात तांदळाच्या दाण्याएवढा क्रिमसन घालावा, म्हणजे तो जांभळ्याकडे झुकेल. शेवटी नाइफच्या टोकावर येईल एवढाच बर्न्ट सिएना मिसळावा. या क्षणी रंगातला भडकपणा एकदम खाली बसतो आणि पॅलेटवर एक शांत, धुरकट निळा उरतो. नुसता पाहिला तर तो मळकट वाटतो. त्याच्या शेजारी नारिंगी आणि पांढऱ्याच्या मिश्रणाचा एक ठिपका ठेवून पाहावा. तोच मळकट निळा लगेच थंड, स्वच्छ बर्फासारखा दिसू लागतो. पॅलेटवर एकटा सुंदर दिसणारा निळा कॅनव्हासवर बहुधा ओरडतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

उन्हातल्या बर्फासाठी पांढऱ्यात थोडा नारिंगी आणि किंचित लेमन यलो मिसळावा. झाडांचा गडद रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना समभाग घेतल्यास मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार काळोख हाती येतो.

पहिली बैठक

या बैठकीत रंगात तेल घालू नये, गरजेपुरते टर्पेंटाइन घालावे. वरच्या प्रत्येक थरात खालच्यापेक्षा तेल थोडे अधिक असावे, हा तैलरंगाचा जुना नियम आहे. उलटे केल्यास वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि कालांतराने तडे जातात.

झाडांच्या रांगेचा ढोबळ गडद आकार प्रथम पातळ रंगात मांडून घ्यावा, म्हणजे पुढच्या प्रत्येक रंगाची तुलना करायला काहीतरी मिळते. मग आकाश घ्यावे. क्षितिजाजवळ पांढरा आणि लेमन यलो, त्यावर नारिंगीचा पट्टा, त्यावर क्रिमसनचा फिका गुलाबी, त्यावर करडा-जांभळा आणि सर्वांत वर अल्ट्रामरीन. पिवळा आणि निळा एकमेकांना थेट भेटू देऊ नयेत, कारण त्यांच्या भेटीतून हिरवट आकाश निघते आणि ते दुरुस्त करताना सगळेच गढूळ होते. मधला गुलाबी-करडा पट्टा याच कामासाठी असतो. प्रत्येक पट्ट्याला वेगळा ब्रश असल्यास उत्तम. नसल्यास दर वेळी ब्रश चिंधीने कोरडा पुसावा. पट्टे मिसळताना कोरडा मऊ ब्रश आडवा, हलक्या हाताने, खालून वर फिरवावा आणि दोन-चार फटकाऱ्यांनंतर थांबावे. आकाश फार घोटले की ते प्लास्टिकच्या पत्र्यासारखे गुळगुळीत होते.

डोंगर आकाशातल्याच करड्या-जांभळ्या रंगात थोडा निळा वाढवून लावावेत. सर्वांत दूरची रांग जवळजवळ आकाशात विरघळलेली, आणि सूर्याखालचा तिचा भाग नारिंगीकडे झुकलेला असावा. पुढची प्रत्येक रांग थोडी गडद आणि थोडी निळी. आकाश ओले असतानाच डोंगर लावले तर कडा आपोआप मऊ होतात.

मग संपूर्ण बर्फ, उन्हाच्या पट्ट्यांची जागा सोडून, सावलीच्या निळ्याने भरावा. आपल्या दृश्यात बर्फाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या निळ्यात जाईल. ब्रशचे फटकारे उताराच्या दिशेने द्यावेत. चढ असेल तिथे चढते, खळगा असेल तिथे वळते. दूरचा बर्फ अधिक करडा आणि जवळचा अधिक जांभळट ठेवावा. उन्हाच्या जागी फिका केशरी रंग पातळ लावून बैठक संपवावी. सगळे मिळून दीड तास पुरतो. चित्र या वेळी निळे आणि उदास दिसेल. ते तसेच दिसायला हवे.

दुसरी बैठक

रंग हाताला कोरडा लागल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी आणि इतर वेळी आठवड्याने, पुन्हा बसावे. आता दोन भाग टर्पेंटाइनमध्ये एक भाग तेल मिसळून वापरावे.

झाडांपासून सुरुवात करावी. देवदाराच्या फांद्या आडव्या, थराथराने पसरलेल्या असतात, तर रईच्या फांद्यांवरून बारीक डहाळ्या खाली लोंबतात. हा फरक दाखवला तरी जंगल ओळखीचे वाटते. बुंधा आधी काढून दोन्हीकडे सारख्या फांद्या लावल्यास नाताळच्या सजावटीतले झाड तयार होते, म्हणून काही फांद्या तुटलेल्या, काही एकाच बाजूला लांब ठेवाव्यात आणि मधून आकाशाच्या फटी राहू द्याव्यात. सूर्याजवळच्या झाडाची कडा उजेडाने खाल्ल्यासारखी, तांबूस आणि पुसट करावी. फांद्यांवरचा बर्फ आपल्या बाजूने सावलीत आहे, म्हणून तो निळाच लावावा आणि फक्त वरच्या कडेला उन्हाची एक बारीक रेघ द्यावी.

त्यानंतर जमिनीवरचे ऊन. दूरच्या पट्ट्यांत नारिंगी अधिक, जवळच्या पट्ट्यांत पीच. ऊन आणि सावली यांच्या सीमेवर काही ठिकाणी थोडा गुलाबी रंग ठेवावा. तेथे बर्फ गोलाईने वळल्यासारखा वाटतो. झाडाच्या सावलीची कडा बुंध्याजवळ रेखीव आणि दूर जाताना पसरट, मऊ असावी.

नाइफ अगदी शेवटी हाती घ्यावा. पांढऱ्यात लेमन यलोचा केवळ स्पर्श असलेला घट्ट, तेल न घातलेला रंग नाइफच्या कडेवर घ्यावा आणि पुढच्या उंचवट्यांच्या माथ्यावरून, भाकरीवर लोण्याचा गोळा ओढावा तसा, दाब न देता एकदाच ओढावा. रंग तुटत तुटत बसतो, खालचा निळा फटींतून दिसतो आणि बर्फाच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा तयार होतो. त्याच जागी दुसऱ्यांदा नाइफ फिरवल्यास हा परिणाम जातो. अशा पाच-सहा ओढी पुरेत. ट्यूबमधून काढलेला जवळजवळ शुद्ध पांढरा संपूर्ण चित्रात येथेच वापरायचा आहे, आणि तो एवढा थोडा असल्यामुळेच चमकतो. बर्फाच्या पांढऱ्या ठिपक्यांचा वर्षाव मात्र करू नये. सूर्य दिसतो आहे त्या आकाशातून सहसा बर्फ पडत नाही.

आता चित्र आरशात पाहावे, मग पाच-सहा पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. सूर्याजवळचे आकाश आणि नाइफच्या ओढी सोडून आणखी काही उजळ दिसत असेल तर ते एक पायरी खाली आणावे. माझ्या चित्रांत बहुतेक वेळा ही चूक उजव्या खालच्या कोपऱ्यात सापडते, कारण उजवा हात तिथे सहज पोहोचतो.

वाळवणे आणि सांभाळणे

तैलरंग पाणी उडून वाळत नाही; तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि नाइफने दिलेल्या जाड रंगाला त्यासाठी काही आठवडे ते काही महिने लागतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात हवेतल्या ओलाव्याने वाळणे रेंगाळते आणि कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशी धरते. चित्र भिंतीला टेकवून ठेवू नये. हवा खेळेल अशा खोलीत, मागे दोन बोटे जागा सोडून, धुळीपासून वाचवून ठेवावे. कडक उन्हातही ठेवू नये.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढिगात टाकल्या तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि ते मोरीत ओतू नये. बाटलीत स्थिर ठेवल्यास गाळ खाली बसतो आणि वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा ब्रश धुण्यास चालते. कॅडमियमचे रंग हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभर देऊ नये. देण्याआधी नाइफने लावलेल्या सर्वांत जाड जागी नख हलकेच टेकवून पाहावे. खूण उमटत असेल तर आणखी दोन महिने थांबावे.